पुसलेले बाण

आपल्या नावाची वस्तू जालन्यात विकली जातेय, हे संतोषबाईंना सगळ्यांत शेवटी कळलं. आणि कळलं तेही घरच्या माणसाकडून नाही. धावड्याहून एसटीनं आलेल्या एका रिटायर मास्तराकडून.

नव्व्याण्णव सालची दिवाळी तोंडावर आली होती. मस्तगडच्या घरात फराळाच्या सामानाची निवडानिवड चालू होती. दुपारी दारात कारभारी गुरुजी येऊन उभे राहिले. संतोषबाईंचे धाकटे दीर अमरचंद यांचं जुन्या जालन्यात शेअरचं ऑफिस होतं. गुरुजी तिथे नेहमी बसायचे, म्हणून घरात त्यांचं नाव माहीत होतं. पण घरी ते कधी आले नव्हते. खुर्चीच्या कडेला अवघडून टेकले, पाणी प्यायले, टोपी काढून पुन्हा घातली.

"भाभी, एक विचारतो. हसू नका," ते म्हणाले. "सोमवारी मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं, चार्टवर हिरवा बाण होता. घ्या म्हणत होता. म्हणून मी शेअर घेतला. आज ऑफिसात गेल्तो, तर बाण तिथं न्हाईच. पुढं सरकून दुसऱ्याच जागी बसलाय, अन् मी घेतला तिथं सगळं कोरं. मला वाटलं मोतीबिंदू वाढला. डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. ते म्हणले, डोळे बिलकुल चांगले हायेत. मंग बाण गेला कुठं?"

संतोषबाईंनी विचारलं, कुठला बाण?

"तुमचाच की," गुरुजी म्हणाले. "संतोषी."

ऑफिसात विचारायला लाज वाटली, असंही त्यांनी सांगितलं. सगळ्यांना दिसतं ते आपल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर लोक म्हाताऱ्याची मस्करी करतील. भाभींनी स्वतः केलेली चीज आहे, तर भाभींनाच विचारावं, म्हणून ते आले होते. संतोषबाईंनी त्यांना चहा दिला, बघून सांगते म्हणाल्या आणि एसटीच्या वेळेला वाटेला लावलं.

संतोषबाई नव्या जालन्यातल्या जिनिंगवाल्यांची लेक. गणितात बी.एस्सी. झाल्या, तेही पहिल्या वर्गात, आणि निकालाच्या पाठोपाठ लग्न होऊन कुंडलिका नदी ओलांडून मस्तगडला आल्या. नवरा बालकिशन आडत्या, धान्याचा. सासू चंदनबाई कडक, पण मनानं वाईट नव्हत्या. शिकलेली सून आहे असं नातेवाइकांत अभिमानानं सांगायच्या आणि घरात त्या शिक्षणाचं काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलांचे गृहपाठ झाले, मुलं मोठी होऊन पुण्याला गेली, आणि संतोषबाईंचं गणित भाजीच्या हिशेबापुरतं उरलं.

अशात अमरचंदांनी मुंबईच्या एका दलालाचं काम घेतलं. कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस थाटलं, गच्चीवर मोठी डिश बसवली, आणि जालन्यात बसून मुंबईचे भाव सेकंदाला बदलताना दिसायला लागले. लोक नुसते बघायलाही जिने चढून यायचे. अमरचंद बोलण्यात गोड, कपड्यात टापटीप, माणसं जोडण्यात पटाईत. त्यांनी एक सीडीही आणली होती, चार्टच्या सॉफ्टवेअरची. रोज संध्याकाळी फोनच्या तारेतून दिवसभराचे भाव यायचे आणि सॉफ्टवेअर त्यांचा आलेख काढायचं. पण त्या आलेखाचं करायचं काय, हे ऑफिसात कुणालाच उमगेना. शेवटी तो कॉम्प्युटर घरी येऊन पडला. भाभी, तुम्ही बघा, तुमचं गणित आहे, असं अमरचंद सहज बोलून गेले.

संतोषबाईंनी बघितलं. महिनाभर त्या सॉफ्टवेअरमधली मदतीची इंग्रजी पानं शब्दकोश घेऊन वाचत होत्या. त्यात एक खिडकी होती, जिथे आपला स्वतःचा फॉर्म्युला लिहिता यायचा. मागच्या इतक्या दिवसांची सरासरी काढ, आजचा भाव तिच्या वर आहे का बघ, असेल तर हिरवा बाण काढ, असं कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सांगायचं आणि तो निमूटपणे ते पडद्यावर काढून दाखवायचा. अशा स्वतः लिहिलेल्या खुणेला इंडिकेटर म्हणतात हे त्यांना कळलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना गणित घातलं होतं, आणि चुकलं तर तोंडावर चुकलं म्हणत होतं. दाल-बाटीचं पीठ मळतानासुद्धा त्यांच्या डोक्यात तेच असायचं. लाइट गेली की त्या चडफडायच्या.

वर्षभरात त्यांनी स्वतःचं एक इंडिकेटर उभं केलं. त्याला त्या 'उंबरा' म्हणायच्या. भाव एका पातळीच्या वर गेला, तिथे काही दिवस टिकला आणि त्या दिवसांत खरेदीही जोरात झाली, तरच हिरवा बाण. खाली घसरून तसाच टिकला तर लाल. एरवी राखाडी पट्टा; म्हणजे काही सांगता येत नाही. जुन्या भावांवर ते तपासायची त्यांची रीत कष्टाची होती. चार्टचा उजवीकडचा भाग पुठ्ठ्यानं झाकायचा आणि एकेक दिवस उघडत जायचं, म्हणजे पुढे काय झालं ते आपल्यालाही ठाऊक नसतं. तसं तपासल्यावर निघालं की दहातले चार बाण चुकतात. संतोषबाईंना त्या चार चुकांचाही अभिमान होता, कारण त्या चुका त्यांनी झाकल्या नव्हत्या.

अमरचंदांना उंबरा पसंत पडला नाही. बाण उशिरा येतो, ते म्हणाले, भाव तळातून निघून गेल्यावर येतो. लोकांना तळातला बाण पाहिजे.

"तळ होता हे भाव वर निघाल्यावरच कळतं, भैया," संतोषबाई म्हणाल्या होत्या. "त्याच्या आधी बाण काढायचा, तर तो खोटा काढावा लागेल."

अमरचंद हसले होते. फॉर्म्युला तेवढा फ्लॉपीवर घेऊन गेले. संतोषबाईंना वाटलं, विषय तिथेच संपला.

गुरुजी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाल्यावर संतोषबाई ऑफिसात गेल्या. घरातल्या बायकांनी तो जिना चढायची रीत नव्हती, त्या चढल्या. आत पाऊल टाकलं आणि थबकल्या. भिंतभर रंगीत चार्ट लावलेले. प्रत्येकावर हिरवे-लाल बाण. प्रत्येक तळाशी हिरवा, प्रत्येक शिखरावर लाल, एकही इकडचा तिकडे नाही. वर ठळक अक्षरांत पाटी: 'संतोषी. खरेदी-विक्रीचा अचूक बाण.' टेबलावर पाकिटं रचलेली, त्यांच्यावरही तेच नाव. जालना, अंबड, भोकरदनचे लोक त्याची वर्गणी भरत होते.

अमरचंद बाहेर गेले होते. संतोषबाईंनी ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरवर बसून फॉर्म्युला उघडला. त्यांच्याच ओळी होत्या. सरासरीला त्यांनी दिलेलं नाव तसंच, पातळीला दिलेलं नाव तसंच. फक्त मधला गाभा, जिथे भाव टिकतो का हे बघितलं जायचं, तो कुणीतरी काढून टाकला होता, आणि त्याच्या जागी सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणारी एक खूण बसवली होती. संतोषबाईंना ती ठाऊक होती. झाल्या गेल्या भावांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ती केलेली होती. ती पुढचे भाव बघून मागच्या दिवसावर बाण ठेवते. आज भाव खाली आला की आजच्या दिवसाखाली हिरवा बाण. उद्या आणखी खाली गेला की आजचा पुसून उद्याच्या दिवसाखाली. परवा आणखी खाली, तर तिथे. शेवटी कधीतरी भाव वर निघतो, आणि शेवटचा बाण अगदी तळाशी बसलेला सापडतो. मधले सगळे कुणाला दिसत नाहीत. भिंतीवरचा चार्ट त्यामुळे कधीच चुकत नव्हता. चुकत होता तो फक्त आजचा बाण, आणि माणूस पैसे लावतो ते आजच्याच बाणावर.

एक म्हातारा माणूस आपले डोळे गेले समजून डॉक्टरकडे जाऊन आला होता, आणि त्याच्या डोळ्यांना जे दिसलं तेच तेवढं खरं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर नाही, त्याच संध्याकाळी, अमरचंद घरात शिरले तसं त्यांनी विचारलं. अमरचंदांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. औरंगाबादच्या एका जाणकाराकडून बदल करून घेतला, म्हणाले. सगळे असंच करतात. लोकांना राखाडी पट्टा दाखवला तर ते दुसऱ्याच्या ऑफिसात जातील.

"आणि भाभी, नाव तर तुमचंच दिलं," ते म्हणाले. "मान दिला. माझं न्हाई लावलं."

हे ऐकून संतोषबाईंना जे झालं ते त्या पुढे कुणालाही नीट सांगू शकल्या नाहीत. चोरी केली असती तर चोर म्हणता आलं असतं. इथे त्यांच्या वर्षभराच्या खरेपणाचं कातडं काढून ते खोट्यावर चढवलं होतं, आणि वर त्यांनी आभार मानावेत अशी अपेक्षा होती. त्यांनी सांगितलं, माझं नाव काढा आणि लोकांना खरं सांगा. अमरचंदांनी बघू म्हटलं. चंदनबाई म्हणाल्या, दुकानाचं दुकानात राहू दे, दिवाळी आली आहे. बालकिशन खाली मान घालून सुपारी कातरत होते. बाजार वर चाललाय, ते पुटपुटले, कुणाचं काही बिघडलेलं नाही, सणानंतर बोलू.

सणानंतर कुणी बोललं नाही. पाटी तशीच राहिली. गुरुजींना त्यांनी एवढाच निरोप धाडला, डोळे तुमचे ठीक आहेत, बाणच हलतो, कसा ते दाखवीन.

मग संतोषबाई पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसल्या. भांडून कुणाला पटेना, तर दाखवूनच द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. काम सोपं नव्हतं. सॉफ्टवेअर रोज सगळा चार्ट नव्यानं काढायचं. काल आपण काय दाखवलं होतं याची त्याला आठवण नसायची. ती आठवण संतोषबाईंना फॉर्म्युल्यात घालायची होती. प्रत्येक दिवसावर थांबायचं, त्या दिवसापर्यंतचेच भाव हातात धरायचे, पुढच्यांकडे बघायचं नाही, आणि विचारायचं: आज इथे बाण दिसला असता का? दिसला असता आणि नंतर उडाला असेल, तर तिथे राखाडी फुली मारायची. तयार खूण वापरता येत नव्हती, म्हणून तिचं सगळं तर्कशास्त्र त्यांनी एकेक ओळ करून स्वतः लिहून काढलं. अडलं की उठून अंगणात फेऱ्या मारायच्या. चंदनबाई नुसत्या बघायच्या. एकदा त्यांनी न बोलता चहाचा कप कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवला, आणि संतोषबाईंना रडू येता येता राहिलं.

संक्रांतीच्या सुमारास ते जमलं. या इंडिकेटरचं नाव त्यांनी 'पुसलेले बाण' ठेवलं. पहिला चार्ट उघडला तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या. कपाशीत तण माजावं तशा फुल्या माजल्या होत्या. एका कंपनीचा भाव उन्हाळाभर घसरत गेला होता, आणि त्या अख्ख्या उतारावर पायरीपायरीला फुली होती. प्रत्येक फुलीपाशी कुणीतरी घ्या म्हटल्यावर घेतलं असणार.

शनिवारी ऑफिसात वर्गणीदारांची बैठक असायची. संतोषबाई बालकिशनना म्हणाल्या, मला तिथे दहा मिनिटं बोलायचं आहे, तुम्ही भावाला सांगा. बालकिशननी सांगितलं की नाही कोण जाणे, पण त्या गेल्या तेव्हा कुणी अडवलं नाही. भाभी स्वतः आल्या म्हणून लोकांनी पुढची खुर्ची दिली. त्यांनी आधी भिंतीवरचा चार्ट दाखवला, मग त्याच चार्टवर आपल्या फुल्या चढवल्या, आणि साध्या भाषेत सगळं सांगितलं.

खोली गप्प झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. रागावली असती तरी चाललं असतं. पण लोक हसले. वाईट हसले नाहीत. कौतुकानं हसले, भाभी किती बारीक बघतात म्हणून. एक कापडवाले शेठ म्हणाले, "भाभी, बाण पुसला तर पुसला. भाव तर वर जाऊन राह्यला ना?" त्या दिवसांत खरंच काहीही घेतलं तरी वर जात होतं. वर चाललेल्या बाजारात खोटा बाणसुद्धा नफा देतो, आणि नफा झालेल्या माणसाला बाण खोटा होता हे ऐकायचं नसतं. अमरचंद मागे हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

फक्त कारभारी गुरुजी थांबले. पुन्हा दाखवा म्हणाले. दोनदा बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहायचा, अन् मंग म्हणायचं, पाहा पैकीच्या पैकी."

"बराबर," संतोषबाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं मी पोरांना ह्याच्यासाठी मारलं," गुरुजी म्हणाले, आणि जिना उतरून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपला सगळा व्यवहार मिटवला. संतोषबाईंचा फॉर्म्युला तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून बैठकीच्या दिवशीच उडवला गेला होता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दोन हजार सालच्या उन्हाळ्यापासून बाजार उतरायला लागला आणि पुढच्या वर्षी पार कोसळला. कॉम्प्युटरच्या कंपन्यांचे शेअर, जे हिरव्या बाणांवर लोकांनी आनंदानं घेतले होते, ते कागद होऊन राहिले. आणि त्या उताराच्या प्रत्येक पायरीवर संतोषी घ्या म्हणत होती.

तेव्हा लोकांना बाण आठवला. आणि बाणाबरोबर नाव. संतोषबाई भाजी घ्यायला गेल्या तरी कुणीतरी टोकायचं. मंदिरात बायका बोलता बोलता थांबायच्या. ज्या कापडवाल्या शेठनी हसून वाटेला लावलं होतं, तेच आता चारचौघांत म्हणत होते की बाईच्या डोक्यावर विसंबलो ते चुकलं. ज्यानं केलं तो अमरचंद त्यांच्याशी गोड बोलून, हात जोडून सुटत होता. ज्या बाईनं ओरडून सांगितलं होतं ती गुन्हेगार ठरली होती. संतोषबाई रागानं पेटून उठायच्या आणि तो राग टाकायला जागा सापडायची नाही.

एका सकाळी द्वारकाबाई आल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, नवरा आधीच वारलेला. ओळख नव्हती. पत्ता विचारत आल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त संतोषबाईंना नीट न्याहाळून घेतलं.

"मी चार ऑफिसं फिरले होते," द्वारकाबाई म्हणाल्या. "सगळीकडं बाप्यांची नावं. इथं तुमचं नाव पाह्यलं. म्हटलं, बाईमाणसानं केलंय, ती फसवणार न्हाई. म्हणून इथं पैसे लावले."

आतापर्यंत लोक बोलले ते सगळं संतोषबाईंनी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. त्यांनी चपला घातल्या, द्वारकाबाईंना म्हणाल्या, चला माझ्याबरोबर, आणि त्या बाजार चालू असताना, भर अकरा-बाराच्या गर्दीत, अन्नधान्याच्या हातगाड्यांमधून वाट काढत ऑफिसात गेल्या. अमरचंदांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. आठ-दहा माणसं बसलेली होती.

त्या म्हणाल्या, हे कुणी केलं ते या बाईंना सांगा. अमरचंदांनी हसून खुर्ची पुढे केली. भाभी, बसा, ते म्हणाले. बाजारच पडला, त्याला बाण काय करणार.

"बाजार पडला त्याचा जाब मी विचारत नाही," संतोषबाई म्हणाल्या. "कालचा बाण पुसून आज नवा काढलास, आणि कधी चुकत नाही म्हणून भिंतीवर लावलास, त्याचा विचारतेय. माझ्या नावानं केलंस. हिनं माझं नाव बघून विश्वास ठेवला, अमर."

घरात आल्यापासून त्यांनी दिराला कधी एकेरी हाक मारली नव्हती. अमरचंदांचा चेहरा उतरला.

द्वारकाबाई तेवढ्यात हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही स्वतः ह्या बाणावर कधी शेअर घेतला का?"

बसलेली माणसं अमरचंदांकडे बघायला लागली. अमरचंदांनी फोन उचलला, कानाला लावला आणि खाली ठेवला. मग त्यांना खूप काम आहे असं ते म्हणाले.

संतोषबाई वळल्या आणि भिंतीवरचे चार्ट ओढून काढायला लागल्या. एकेक काढायच्या आणि चार घड्या करून खाली टाकायच्या. पाटी उंच होती, हात पुरेना. कुणीतरी त्यांच्या नवऱ्याच्या आडतीत निरोप दिला असणार. बालकिशन धापा टाकत जिना चढून आले. लोकांना वाटलं, आता ते बायकोला घेऊन जातील. संतोषबाईंनाही तसंच वाटलं. बालकिशन दारात उभे राहून क्षणभर भावाकडे बघत राहिले, मग बायकोकडे. कोपऱ्यातलं स्टूल उचलून त्यांनी भिंतीपाशी ठेवलं आणि ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले.

"दीड वर्ष लावलंत," संतोषबाई स्टुलावर चढताना म्हणाल्या.

"हो," बालकिशन म्हणाले.

पाटी निघाली. भाऊ वेगळे झाले. वाटणी शांतपणे झाली, चंदनबाई मोठ्या मुलाकडेच राहिल्या. धाकट्याविरुद्ध त्या कधी शब्द बोलल्या नाहीत, पण त्याच्या ऑफिसचा विषय निघाला की उठून आत जायच्या. संतोषबाईंनी मुंबईला शेअरबाजाराच्या कचेरीत तक्रारही पाठवली; फॉर्म्युल्याच्या ओळी, फुल्यांचे चार्ट, सगळं जोडून. पोच आली. बाकी काही आलं नाही. द्वारकाबाईंचे गेलेले पैसे गेलेच. अमरचंद औरंगाबादला गेले आणि तिथे त्यांनी नवं ऑफिस काढलं. तिथला बाण पुन्हा कधी चुकत नव्हता, नाव तेवढं दुसरं. धंदा जोरात चालला. पुढे त्यांनी चारचाकी घेतली, मुलीचं लग्न थाटात केलं, लग्नात संतोषबाईंच्या पाया पडले आणि भाभींनीच मला कॉम्प्युटरचं वेड लावलं असं पाहुण्यांना सांगत राहिले. संतोषबाई ताटावरून उठल्या नाहीत, पण गोडाला त्यांनी हात लावला नाही.

बालकिशन एकदा म्हणाले, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्यावा राग.

"का सोडू?" त्या म्हणाल्या. "तो विकायचं थांबला का?"

द्वारकाबाई मस्तगडला येत राहिल्या. आधी नुसत्या बसायच्या, मग विचारायला लागल्या, मग शिकल्या. वयाच्या साठीत त्यांनी सरासरीचा पहिला फॉर्म्युला लिहिला आणि तो चालला तेव्हा टेबलावर थाप मारली. त्यांचं बघून आणखी दोघी-तिघी आल्या. संतोषबाईंनी पुढच्या खोलीत बाक टाकले.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कारभारी गुरुजींनी त्यांना धावड्याला बोलावलं. आसपासच्या गावांतले बरेच मास्तर आणि हाती पैसा आलेले शेतकरी आता शेअरच्या नादाला लागले होते, बाजार पुन्हा वर चालला होता, आणि गुरुजींना घोर लागला होता. शाळेच्या वर्गात त्यांनी लोक जमवले. संतोषबाई आणि द्वारकाबाई भोकरदनमार्गे कॉम्प्युटरची खोकी मांडीवर घेऊन गेल्या. ऊन मी म्हणत होतं. लाइट होती हे नशीब.

संतोषबाईंनी पहिल्यापासून सांगितलं. बाण कसा काढतात, कसा पुसतात, पुसलेला कसा शोधायचा. फुल्यांनी भरलेला चार्ट दाखवला. लोकांनी मन लावून ऐकलं, माना डोलावल्या, गुरुजींनी मध्ये मध्ये परीक्षेचे दाखले दिले. शेवटी गुरुजींनी विचारलं, काही शंका?

मागच्या बाकावरचा एक जण उठला. पांढरा शर्ट, खिशात मोबाइल.

"भाभी, सगळं समजलं. बिलकुल पटलं," तो म्हणाला. "आता एवढं सांगा, मंग कधीच न चुकणारा बाण कोणता घ्यावा? औरंगाबादला एक मिळतो म्हणत्यात."

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. संतोषबाईंचा चेहरा लाल झाला, आणि द्वारकाबाईंना वाटलं, आता या सगळं आवरून उठणार. त्यांनी त्या माणसाकडे चांगलं रोखून बघितलं. विझवलेला पडदा पुन्हा लावला.

"इकडं पुढं येऊन बस," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या एकट्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.